सोलापूरच्या पेठांतली मराठी

सोलापुरी बोली म्हणजे सोलापूर शहर आणि त्याला लागून असलेल्या उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर व अक्कलकोट या तालुक्यांत बोलली जाणारी मराठी. स्थूल वर्गवारीत ती देशावरच्या मराठीत मोडते. तिचे वेगळेपण शेजारातून आले आहे. दक्षिणेला आणि पूर्वेला कन्नड, शहराच्या पूर्वभागात तेलुगू आणि जवळजवळ प्रत्येक पेठेत दख्खनी उर्दू. दोन आर्यकुळातल्या आणि दोन द्राविड अशा चार भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजारात वापरल्या गेल्या, तर त्यांच्या व्याकरणाचे काय होते, हे या बोलीत जितके स्पष्ट दिसते तितके महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी दिसते.

जिल्ह्याची हद्द आणि बोलीची हद्द एक नाही. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात करमाळ्याचे बोलणे अहिल्यानगरच्या अंगाने जाते, बार्शीचे धाराशिवच्या, माळशिरसचे फलटण-बारामतीच्या. सांगोल्यात माणदेशी वळण आहे आणि मंगळवेढ्यात विजयपूरच्या बाजूचे कन्नड ऐकू येते. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मुळे (२०१६) जी बोली महाराष्ट्रभर पोचली, ती करमाळ्याकडची. तिला सरसकट ‘सोलापुरी’ म्हटले गेले, पण शहरातल्या पेठांत मराठी वेगळी बोलली जाते.

या पेठांची नावेच शहराच्या भाषांची साक्ष देतात. वारांच्या नावांच्या पेठा मराठी मुलखात सगळीकडे आहेत, त्या इथेही आहेत. त्यांच्या जोडीला तेलंगी पाच्छा पेठ आहे. जोडभावी पेठेतली ‘भावी’ ही कन्नड विहीर आहे. मुरारजी पेठेला गिरणीमालकाचे नाव आहे. शहराच्या तुळजापूरकडच्या बाजूला भवानी पेठ आहे. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती अशा कष्टकऱ्यांच्या वस्त्या तिच्यात येतात आणि रूपाभवानीचे देऊळही याच बाजूला, तुळजापूरच्या वाटेवर. कोजागिरीच्या सुमारास कर्नाटकातून आणि तेलंगणातून येणारे यात्रेकरू सोलापुरावरूनच पायी तुळजापूरला जातात. त्या दिवसांत या रस्त्यावर पाणी, चहा, फराळ देणारे आणि घेणारे एकमेकांशी ज्या मराठीत बोलतात, ती शाळेच्या पुस्तकात सापडत नाही. भवानी पेठेसारख्या पेठेत एका मुलाच्या कानावर घरात एक भाषा, नळावर दुसरी आणि किराणा दुकानात तिसरी पडते. मराठी ही त्या सगळ्यांची सामाईक भाषा. सामाईक असल्यामुळेच ती सगळ्यांच्या जिभेवर घडत राहिली.

हा मेळ जुना आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्ये आहेत आणि ज्या गावात ते राहिले ते सोन्नलगी म्हणजेच आजचे सोलापूर. मात्र त्याआधीच्या मराठीचा पुरावाही याच परिसरात मिळतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर असलेल्या हत्तरसंग कुडल येथील शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख सर्वांत जुन्या दिनांकित मराठी लेखांत गणला जातो. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. कन्नड लेखांनी भरलेल्या प्रदेशात एवढ्या जुन्या काळी मराठी ओळ कोरली जावी, याचा अर्थ दोन्ही भाषा इथे सुरुवातीपासून शेजारी नांदत होत्या. कोण मूळचा आणि कोण उपरा, हा वाद या शिलालेखापुढे फिका पडतो.

बहमनी आणि आदिलशाही काळात दख्खनी आली आणि सैन्यात, बाजारात रुजली. तेलुगू मोठ्या प्रमाणावर आली ती मागासोबत. सोलापूरला १८६० मध्ये रेल्वे पोचली, १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी उभी राहिली, पुढे लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू अशा गिरण्या निघाल्या. निजामाच्या तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबे येऊन पूर्वभागात स्थिरावली. पुरुष गिरणीत किंवा मागावर, बायका विडी वळायला, असा त्या घरांचा दिनक्रम होता. सोलापुरी चादर त्यांच्याच हातची. या मंडळींनी घरात तेलुगू टिकवली, गिरणीच्या आत मात्र मराठी बोलली. लिंगायत व्यापारी आणि शेतकरी घरांत कन्नड होतीच. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या वर होती. जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे जवळपास तीन-चतुर्थांश, उरलेल्यांत मुख्यतः कन्नड, हिंदी-उर्दू आणि तेलुगू भाषक. या आकड्यांतून एक गोष्ट निसटते. मातृभाषा तेलुगू लिहिणारा माणूसही दिवसाचे बहुतेक तास मराठीच बोलत असतो आणि त्याच्या मराठीचा सोलापुरीच्या घडणीत मोठा वाटा आहे.

सोलापुरी ओळखू येते ती आधी क्रियापदावरून. प्रमाण मराठीत ‘मी करत आहे’ किंवा ‘मी करतोय’ असे म्हणतात. सोलापुरात ‘करायलोय’, ‘करलालोय’, ‘करूलालोय’ अशी रूपे ऐकू येतात. वस्ती बदलली की रूप थोडे बदलते, घडण तीच राहते. ‘काय करायलास?’ या प्रश्नाला ‘जेवायलोय’ हे उत्तर. या रूपांच्या पोटात ‘लागणे’ हे क्रियापद आहे: ‘करू लागलो आहे’ हे झिजत झिजत इथवर आले. ‘लागणे’मधला सुरुवातीचा अर्थ गळून पडला आणि चालू क्रियेचा अर्थ उरला. ही रूपे धाराशिव, लातूर, नांदेडकडे आहेत आणि दुसऱ्या टोकाला कोल्हापूरच्या ‘करालोय’मध्येही त्यांचे सगेसोयरे दिसतात. नकाशावर ही ठिकाणे जोडली तर कन्नड आणि तेलुगू मुलखाच्या कडेने जाणारा एक पट्टा तयार होतो. निजामाचे राज्य आणि इंग्रजांचा मुंबई इलाखा यांच्यातली सरहद्द या पट्ट्याला आडवी छेदून गेली, पण क्रियापदाला तिचा अडथळा झाला नाही.

दुसरे वैशिष्ट्य अधिक खोलवरचे आहे आणि शाळेत सर्वांत जास्त लाल शाई त्याच्यावरच सांडते. प्रमाण मराठीत ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी काम केले’ असे कर्मणी प्रयोग होतात. क्रियापद भाकरीचे लिंग घेते, खाणाऱ्याचे घेत नाही. सोलापुरात ‘मी भाकरी खाल्लो’, ‘मी काम केलो’, ‘मी त्याला सांगितलो’ असे सहज म्हटले जाते. क्रियापद कर्त्याच्या मागे जाते. कन्नड किंवा तेलुगू मातृभाषा असलेल्यांच्या मराठीत तिसऱ्या पुरुषीही ‘तो सांगितला’ असे ऐकू येते. शेजारच्या भाषा पाहिल्या की याचे कारण लक्षात येते. कन्नडमध्ये ‘नानु रोट्टी तिंदे’, तेलुगूत ‘नेनु रोट्टे तिन्नानु’. दोन्हीकडे भूतकाळी क्रियापद कर्त्याशीच जुळते. उत्तरेकडच्या हिंदीत ‘मैंने रोटी खाई’ असा मराठीसारखा कर्मणी प्रयोग आहे, पण दख्खनीने ‘ने’ टाकून दिला आणि ‘मैं रोटी खाया’ म्हटले. तिन्ही शेजाऱ्यांची रीत एकच असताना मराठी तेवढी निराळी राहणे अवघड होते.

तरीही सगळे श्रेय किंवा सगळा दोष शेजाऱ्यांना देणे बरोबर नाही. मराठीच्या घरातच या बदलाला वाट होती. ‘मी धडा शिकलो’, ‘मी चहा प्यालो’, ‘मी त्याचे नाव विसरलो’ ही प्रमाण मराठीची शुद्ध वाक्ये आहेत. क्रियापदे सकर्मक असूनही तिथे कर्तरी प्रयोग होतो आणि कोणी हरकत घेत नाही. ‘तू पत्र लिहिलेस’मधला ‘स’ही कर्त्याचाच. थोड्या क्रियापदांपुरता असलेला नियम सोलापुरीने बाकीच्यांना लावला, एवढेच झाले. ‘शिकलो’ शुद्ध आणि ‘खाल्लो’ अशुद्ध, हा निवाडा पुण्यात लिहिल्या गेलेल्या व्याकरणांचा आहे. भाषेच्या अंतर्गत तर्काने पाहिले तर सोलापुरी अधिक सुसंगत ठरते.

वाक्यरचनेतही शेजार दिसतो. दुसऱ्याचे बोलणे सांगताना ग्रांथिक मराठी ‘त्याने सांगितले की’ असे वाक्य सुरू करते. हा ‘की’ फारसीतून आला. सोलापुरी बोलणाऱ्याला उलटा क्रम जवळचा वाटतो: ‘उद्या येतो म्हणून सांगितला’. आधी बोलणे, मग ‘म्हणून’, मग क्रियापद. कन्नडमधला ‘अंत’, तेलुगूतला ‘अनि’ आणि दख्खनीतला ‘बोलके’ नेमके हेच काम करतात आणि तेही ‘म्हणणे’ या अर्थाच्या क्रियापदांपासूनच आले आहेत. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद मराठी आणि तेलुगूत आहे, तो दख्खनीने ‘हम’ आणि ‘अपन’च्या रूपाने उचलला. देवाणघेवाण अशी सर्व दिशांनी झाली. दख्खनीचा ‘नक्को’ तर थेट मराठी ‘नको’च आहे.

उच्चारांबाबत फार सांगण्यासारखे नाही, कारण त्यांतले बरेच देशावर सगळीकडे आढळते. ‘ण’चा ‘न’ होतो (पानी, कोन), ‘वे’चा ‘ये’ होतो (येळ, येस), ‘एक’चा ‘येक’ होतो. ‘हाय’, ‘न्हाई’, ‘व्हय’ हेही सर्वदूर आहेत. हेल मात्र सोलापूरचाच. वाक्याच्या शेवटी तो चढतो आणि ‘की’वर किंवा ‘बे’वर थांबतो.

‘बे’ ही सोलापुरीची बाहेरच्यांना सर्वांत आधी जाणवणारी खूण. ‘काय बे’, ‘चल की बे’, ‘कुठं होतास बे’. दख्खनीतल्या ‘अबे’शी तिचे नाते आहे. नागपूरकडेही ‘बे’ आहे, तिथे ती हिंदीच्या शेजारातून आली. सोलापुरात ती बरोबरीच्या माणसाला, जिवलगाला म्हणायची असते. वडीलधाऱ्यांपुढे ती तोंडातून निघत नाही, तिथे ‘ओ’ येतो: ‘चला की ओ’, ‘बसा की ओ मामा’. नवख्या माणसाला ‘बे’ उद्धट वाटते, पण तिचे नियम इथल्या लहान मुलालाही पाठ असतात आणि ते मोडले तर तो लगेच ओरडा खातो. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये वयाने मोठ्या बाईशी आपुलकीने बोलताना ‘बे’ म्हणतात. एकाच गल्लीत एका घरातली ‘बे’ मित्रासाठी आणि दुसऱ्या घरातली ‘बे’ आईसाठी असते, आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. नात्यांच्या शब्दांत अण्णा, अक्का, अप्पा हे तर मराठीने केव्हाच आपले केले आहेत.

शब्दसंपत्ती पाहायची तर सण, जेवण आणि काम या तीन जागी पाहावी. मकरसंक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या, यात्रेला गाव ‘गड्डा’ म्हणते. अडुसष्ट लिंगांना तेलाभिषेक होतो, त्याचे नाव ‘यण्णीमज्जन’. अक्षता पडतात ‘संमती कट्ट्या’वर. कन्नड विधी, मराठी वाक्ये आणि खांद्यावर नंदीध्वज घेतलेले भक्त दोन्ही भाषांचे. मार्गशीर्षातल्या अमावास्येला शेतात जाऊन भज्जी, उंडे आणि आंबील खाण्याचा सण म्हणजे ‘येळवस’. सोलापुरापासून लातूरपर्यंत तो साजरा होतो आणि त्याच्या नावाचा उगम कन्नड ‘एळ्ळ अमावास्ये’त सांगितला जातो. गव्हाची ‘हुग्गी’ लिंगायत घरांतून सगळ्यांच्या पंगतीत आली. कामाचे शब्द मात्र बहुतेक मराठीच राहिले. माग, धोटा, कांडी, ताणा-बाणा हे शब्द तेलुगू बोलणारा विणकरही वापरतो. घरच्या भाषेत नांदणाऱ्या या मराठी शब्दांमुळे सोलापूरची तेलुगू हैदराबादच्या माणसाला वेगळी लागते. बोलीचा आढावा एकाच भाषेपुरता घेतला तर हे चित्र अर्धेच राहते.

अभ्यासकांचे लक्ष या सीमाभागाकडे उशिरा गेले. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीतला मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. तो स्टेन कोनोव यांनी सिद्ध केला होता. त्यात देशावरची मराठी जवळपास एकसारखी मानली गेली आणि नमुने पुण्याच्या आदर्शाशी ताडून पाहिले गेले. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळासाठी मराठी बोलींची मालिका केली. तिच्यात दक्षिण कानडा, कुडाळ, महाड, ठाण्याची वारली, कासरगोड असे भाग आले आणि भर किनारपट्टीवर राहिला.

या प्रदेशाला जागतिक भाषाविज्ञानात स्थान मिळाले ते याच सीमाभागातल्या एका गावामुळे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी मराठी, कन्नड आणि उर्दू या भाषांचा अभ्यास करून १९७१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांचे सांगाडे इतके जवळ आले की एका भाषेचे वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून उतरवता येते. कुपवाडच्या मराठीत नदीसारख्या निर्जीव नामाला, कन्नडप्रमाणे, नपुंसकलिंगी क्रियापद लागते असे त्यांनी नोंदवले. हा निबंध ज्या ग्रंथात आला, त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीच्या अगदी आरंभीच्या घडणीतच द्राविड भाषकांचा हात असावा, अशी शक्यता मांडली. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनी कुपवाडची फेरतपासणी केली. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलेल्या त्या मांडणीची त्यांनी केलेली चिकित्सा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्याच पुढाकाराने डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठी बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले. त्यात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या निवडक गावांत लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित झाले आणि ते संकेतस्थळावर कोणालाही ऐकण्यासाठी खुले आहे. गणेश देवी यांच्या लोकभाषा सर्वेक्षणातला अरुण जाखडे संपादित महाराष्ट्राचा खंड २०१३ मधला. त्यात बोलीभाषकांच्या अस्मितेला अधिक जागा मिळाली.

बोलीकडे पाहण्याची दृष्टी कशी घडते, हे समजायला युरोपातल्या आल्बेनियन भाषेचे उदाहरण उपयोगी पडते. श्कुंबिन नदीच्या उत्तरेला गेग आणि दक्षिणेला तोस्क अशा तिच्या दोन मुख्य बोली. बाल्कन प्रदेशात ग्रीक, बल्गेरियन, रुमानियन या वेगवेगळ्या शाखांच्या भाषा शेजारामुळे व्याकरणात जवळ आल्या, त्यांत आल्बेनियनही आहे. ग्रीकच्या जवळच्या तोस्कमध्ये जुने क्रियावाचक धातुरूप उरले नाही, गेगमध्ये ‘मे’ लावून होणारे रूप टिकले. म्हणजे शेजाराचा परिणाम एका भाषेच्या सगळ्या बोलींवर सारखा होत नाही, सरहद्दीजवळची बोली तो आधी आणि अधिक घेते. १९७२ मध्ये तिराना येथील लेखनपरिषदेत तोस्कच्या पायावर प्रमाण आल्बेनियन ठरली आणि कोसोव्होतल्या गेग बोलणाऱ्या मुलांना शाळेत आपली क्रियापदे बदलावी लागली. त्याच वर्षी मराठी साहित्य महामंडळाच्या चौदा लेखननियमांत चारांची भर पडून ते अठरा झाले. महामंडळाचे नियम लेखनापुरते होते, पण शाळेत शुद्धलेखन आणि शुद्ध बोलणे यांत फरक केला गेला नाही. मोल्सवर्थ यांचा कोश (१८३१) आणि मेजर कँडी यांची क्रमिक पुस्तके यांच्यापासून पुणेरी वळणाला जो मान मिळाला, त्याची किंमत सोलापूरच्या मुलांनी मोजली. ‘मी सांगितलो’ म्हणणाऱ्या मुलाला मराठी येत नाही असे ठरवणे हा अन्याय आहे. त्याला एक नियमबद्ध मराठी येत असते, दुसरी शिकायची असते, एवढेच.

राजकारणाने या प्रदेशातील भाषांकडे हद्दीच्या वादातून पाहिले. महाजन आयोगाने १९६७ मध्ये जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागांतील गावे म्हैसूर राज्याला देण्याची शिफारस केली आणि महाराष्ट्राने अहवाल नाकारला. गाव इकडे की तिकडे, या प्रश्नात गावातला माणूस दोन्ही भाषा बोलतो हे विसरले गेले. साहित्याने ते लक्षात ठेवले. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) आणि सांगोल्याकडच्या महूदच्या शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ यांनी इथल्या वस्त्यांचे बोलणे छापील मराठीत आणले. मंजुळे यांच्या ‘फँड्री’त कैकाडी कुटुंब आपसात कैकाडीत बोलते, ही मराठी चित्रपटातली मोठी गोष्ट होती. शहरी सोलापुरीला आज समाजमाध्यमांवरच्या विनोदी चित्रफितींनी लोकप्रियता दिली आहे. त्यांत ‘बे’ आणि हेल भरपूर असतो, पण कर्तरी प्रयोगासारखी खोलातली घडण क्वचितच येते.

बोली टिकवणारी ठिकाणे मात्र बदलत आहेत. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, हातमाग जाऊन यंत्रमाग आला आणि यंत्रमागाच्या खडखडाटात बोलणेच कमी होते. विडी कामगार कुटुंबे जुन्या गल्ल्यांतून कुंभारीच्या दहा हजार घरांच्या वसाहतीकडे गेली. पालिकेने मराठीखेरीज उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्या शाळा चालवल्या, पण आता त्याच घरांतली मुले इंग्रजी आणि सेमी-इंग्रजी वर्गांत बसतात. तरुणांच्या बोलण्यात ‘करायलोय’ ठाम आहे, ‘मी काम केलो’ मात्र नोकरीच्या मुलाखतीआधी गिळले जाते. गावे निवडून केलेल्या सर्वेक्षणाला शहराच्या पेठांची जोड हवी. तिथे एकाच माणसाकडून त्याच्या घरची भाषा, त्याची मराठी आणि त्याची दख्खनी अशी तिन्ही बोलणी नोंदवावी लागतील आणि गिरणीत काम केलेल्या पिढीपासून सुरुवात करावी लागेल, कारण ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे.